बालन्यायालय आणि मुलाचे घर

गुन्हा करणाऱ्या मुलाला शिक्षा करावयाची की त्याला सावरावयाचे, हा प्रश्न आज आपणांस साधा वाटतो. परंतु न्यायालयांनी तो विचारावयास फार उशीर लावला. जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे सात वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडतच नाही असे मानीत. चौदा वर्षे उलटली की मात्र तो मोठ्या माणसासारखाच आरोपी. तोच पिंजरा, तोच तुरुंग आणि तीच संगत. या वहिवाटीतून बालन्यायालय कसे निघाले, आणि मुलाकडे पाहता पाहता त्या न्यायालयाला त्याचे घर कसे दिसू लागले, हे आपण आज पाहू.

आरंभ एका जोडे शिवणाऱ्या माणसापासून करावा लागतो. अमेरिकेतील बोस्टन शहरी 1841 साली जॉन ऑगस्टस हा कारागीर पोलीस कोर्टात बसला असता त्याने एका दारुड्याला जामीन राहून सोडवून नेले. ठरल्या दिवशी तो मनुष्य सुधारलेला दिसला आणि न्यायाधीशाने नाममात्र दंडावर प्रकरण मिटविले. ऑगस्टसने पुढे हाच उद्योग मांडला. तो मुलांनाही जामीन राही, त्यांना शाळेत किंवा कामावर लावी, आणि त्यांची वर्तणूक कोर्टाला कळवी. 1859 साली तो वारला, तोवर त्याने सुमारे दोन हजार जणांची हमी घेतली होती. त्याच्यामागे 1878 साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून या कामाला पगारी माणूस नेमला. आज आपण ज्याला परिविक्षा अधिकारी म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष होय.

पुढचे पाऊल शिकागोने टाकले. जेन अॅडम्स यांनी 1889 साली तेथे परदेशांतून आलेल्या मजुरांच्या वस्तीत ‘हल हाउस’ हे सेवाकेंद्र उघडले होते. त्या केंद्रातील जूलिया लॅथ्रॉप, शहरातील महिला मंडळाच्या लूसी फ्लॉवर आणि वकीलवर्गातील काही सज्जन यांच्या खटपटीने 1899 साली इलिनॉय राज्यात कायदा होऊन जगातील पहिले बालन्यायालय उभे राहिले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कायद्याने परिविक्षा अधिकारी नेमण्यास परवानगी दिली, पण पगाराची तरतूद केली नाही! तो पैसा आरंभीची काही वर्षे या स्त्रियांनी वर्गणी काढून उभा केला. न्यायालय सरकारचे खरे, पण त्याचे हातपाय गावाने पुरविले.

हे अधिकारी घरोघर जाऊ लागले तेव्हा एक निराळेच सत्य उघडकीस आले. पुष्कळ मुले न्यायालयापुढे येत होती ती वाईट म्हणून नव्हे, तर बाप मेलेला आणि आई दिवसभर मजुरीला गेलेली म्हणून. अशा मुलाला आश्रमात ठेवावयास सरकार पैसे खर्च करी. तेच पैसे आईच्या हातात दिले तर? 1911 साली इलिनॉयने तसा कायदा केला आणि बालन्यायालयामार्फत घरी पैसे पोचू लागले. ही योजनाही निर्दोष नव्हती. आई ‘लायक’ आहे की नाही याची चौकशी होई, आणि 1913 च्या दुरुस्तीने नवऱ्याने टाकलेल्या व नागरिकत्व नसलेल्या स्त्रिया वगळल्या गेल्या. तथापि दारिद्र्यापायी मुलाला आईपासून तोडू नये, हे तत्त्व प्रथम येथे कायद्यात आले.

दयेलाही दुसरी बाजू असते. बालन्यायालय बापाच्या मायेने वागते, मग वकील कशाला आणि पुरावा कशाला, असे पुढे रूढ झाले. अॅरिझोनात पंधरा वर्षांच्या एका मुलाला, दूरध्वनीवर अश्लील बोलल्याच्या आरोपावरून, वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला. मोठ्या माणसाला याच गुन्ह्याबद्दल पन्नास डॉलरपर्यंत दंड, नाहीतर फार तर दोन महिने कैद झाली असती. 1967 साली गॉल्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला आणि आरोपाची आगाऊ सूचना, वकील व साक्षीदारांची उलटतपासणी हे हक्क मुलांनाही आहेत असे ठरविले.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा 1857 साली निघाली. 1897 साली सुधारशाळांचा कायदा नव्याने झाला. पण मूल उचलून भिंतीआड ठेवणे हाच त्याचा मार्ग होता. 1919-20 च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये सुचविली. मद्रासने 1920 साली, बंगालने 1922 साली आणि मुंबईने 1924 साली बालकांचे कायदे केले. मुंबईत 1927 साली बालन्यायालय सुरू झाले आणि त्याच्या साह्यास ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ आली. शिकागो विद्यापीठात शिकलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ याच सुमारास नागपाड्याच्या वस्तीत सेवाकेंद्र चालवीत होते. अशा कामाला शिकलेली माणसे हवीत, या जाणिवेतून 1936 साली टाटा विश्वस्तनिधीच्या आधाराने समाजकार्याचे विद्यालय निघाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच.

स्वातंत्र्यानंतरही प्रांतोप्रांतीचे कायदे निरनिराळे राहिले. सबंध देशाला जवळजवळ एकच कायदा 1986 साली मिळाला. 2000 च्या कायद्याने मुलगा व मुलगी या दोघांसाठी वयाची मर्यादा अठरा केली. दिल्लीच्या 2012 च्या अमानुष घटनेनंतर लोकक्षोभ उसळला, आणि 2015 च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर, अतिघोर गुन्ह्यांपुरता, प्राथमिक पडताळणीनंतर मोठ्यांप्रमाणे खटला चालविण्याची वाट ठेवली. शिक्षा की सुधारणा, हा जुना वाद मिटलेला नाही, हेच यावरून दिसते.

परंतु त्याच कायद्यात संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. समज देणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम, आईबापांच्या हमीवर सोडणे, हे मार्ग मंडळापुढे आधी असतात. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्याशेजारी दोन समाजसेवक बसतात आणि त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मुलाला कुटुंबातच वाढविण्यासाठी दरमहा साहाय्य देते. 1911 च्या त्या विचाराशी तिचे नाते स्पष्ट आहे.

या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ एवढाच की, कायद्याने दार उघडले तरी मुलाचा हात धरून त्याला बाहेर आणणारे माणूस लागते. बोस्टनला ते काम एका चांभाराने केले, शिकागोत महिला मंडळाने केले. आपल्या गावात सुटून आलेल्या मुलाला कामावर ठेवणारा दुकानदार, त्याला पुन्हा वर्गात बसू देणारा मुख्याध्यापक आणि त्याच्या आईशी पूर्वीसारखेच बोलणारे शेजारी नसतील, तर मंडळाचा हुकूम कागदावरच राहील. न्यायाचा हा भाग कोणत्याही न्यायाधीशाला करता येत नाही. तो आपणांसच केला पाहिजे.