पुंगी, लेहरा आणि टीबी-३०३

लग्नाच्या वरातीत बेंजोवाल्यांनी नागीण सुरू केली, की एखादा पठ्ठ्या रुमाल दातांत धरून रस्त्यावर आडवा होतोच. ती धून १९५४च्या ‘नागिन’ची, संगीत हेमंतकुमार यांचं. त्यातली पुंगी मात्र कुणा गारुड्याने फुंकलेली नाही. कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली. सोबत रवी यांची हार्मोनियम होती.

क्लॅव्हिओलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी १९४७ साली तयार केलेलं, व्हॉल्व्हवर चालणारं वाद्य. त्यातून एका वेळी एकच सूर निघतो. पण पट्टी दाबून धरली आहे तोवर तो तुटत नाही, आणि व्हायब्रेटो लावला की थरथरतो. गारुडी गालात हवा साठवून, नाकाने श्वास ओढत जे साधतो, ते इथे विजेने साधलं. पुढे खऱ्या पुंगीपेक्षा हीच पुंगी लोकांच्या कानात बसली.

देशी सुराची आणि विजेच्या वाद्याची अशीच दुसरी गाठ मुंबईत पडली ती १९८२ साली. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वादकवृंदातले मुरलेले कलाकार. गिटारवर आणि कीबोर्डवर सारखाच हात. १९८०च्या ‘कुर्बानी’नंतर डिस्कोचं पेव फुटलं होतं. सिंग यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची यंत्रं आणली होती: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ताल धरणारं टीआर-८०८ आणि टीबी-३०३. त्यांवर त्यांनी भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग बसवले. एचएमव्हीने एलपी काढली, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

टीबी-३०३ घडवलं तादाओ किकुमोतो यांनी, बास गिटारवाला नसेल तिथे त्याची जागा भरायला. त्यातल्या सिक्वेन्सरला, म्हणजे भरलेले सूर ओळीने वाजवत राहणाऱ्या भागाला, सोळा घरं. आधी सूर भरायचे, मग त्यांची लय वेगळी भरायची. ज्या घरावर स्लाइड लावाल तिथून यंत्र पुढच्या सुरावर घसरत जातं. बास गिटारचा आवाज त्यातून काही नीट उमटला नाही. पण ती घसरण मींडेच्या जवळची आहे, आणि आवर्तन न थकता फिरत राहतं. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो, तसं हे यंत्र बसतं. पाश्चात्त्य गाण्यात कॉर्ड बदलत जातात, तिथे एकच आवर्तन लवकर अपुरं पडतं. रागात षड्ज जागचा हलत नाही. राग आणि सिक्वेन्सर यांचं इतकं जमलं ते यामुळे.

काही हरवलंही. तोडीचा अतिकोमल गंधार कीबोर्डच्या ठरीव सुरांत बसत नाही, आणि डिस्कोच्या ठेक्यात विलंबिताला जागा नाही. तरी ज्युपिटरवर सिंग एका सुरातून दुसऱ्यात ज्या रीतीने सरकतात, त्यात माणसाचा हात स्पष्ट कळतो.

एलपी चालली नाही. टीबी-३०३ही चाललं नाही. १९८४मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने ते उचललं, आवर्तन फिरतं ठेवून फिल्टरची बटणं पिळली आणि १९८७च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मधून अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताची वाट मोकळी केली. मुंबईच्या एलपीशी या घटनेचा संबंध नव्हता. यंत्र तेच, म्हणून आवाज सख्खा.

२००२ साली दिल्लीतल्या एका दुकानात एदो बाउमान या डच संग्राहकाच्या हाती ही एलपी लागली. २०१०मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली, आणि सिंग यांना अ‍ॅसिड हाउसचे जनक म्हणायची पद्धत पडली. या गौरवात त्यांचं खरं काम झाकलं जातं. शिकागोत बटणं पिळणं हेच संगीत होतं. सिंग यांना त्या यंत्रांतून राग उभा करायचा होता. २०१५मध्ये मुंबईत निधन होण्यापूर्वीच्या काही वर्षांत त्यांनी हेच राग युरोपातल्या तरुण श्रोत्यांपुढे वाजवले.