जॉक स्टीन यांचे श्रेय किती?

२५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर ग्लासगोच्या सेल्टिक संघाने इटलीच्या इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपियन चषक जिंकला. ब्रिटनमधील कोणत्याही संघाला तोवर हा मान मिळाला नव्हता. या यशाचे श्रेय व्यवस्थापक जॉक स्टीन यांना किती द्यावे, हा फुटबॉलच्या जाणकारांतला जुना वाद आहे. तो आमच्या वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते, कारण सेल्टिकचा जन्मच मुळी एका चर्चच्या सभागृहात झालेला आहे.

१८८७ च्या नोव्हेंबर महिन्यात ग्लासगोच्या कॅल्टन भागातील सेंट मेरीज धर्मग्रामात ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश मारिस्ट बंधूंच्या पुढाकाराने हा संघ स्थापन झाला. शहराच्या पूर्व भागातील गरीब मुलांना जेवू घालण्यासाठी पैसा उभा करावा, हा त्यामागचा हेतू. ही मुले बहुतांशी आयरिश कॅथलिक स्थलांतरितांची होती. तरीही संघाची दारे इतरांना बंद नव्हती. १९३६ साली कलकत्त्याचे मोहम्मद सलीम पायांना केवळ पट्ट्या बांधून सेल्टिककडून खेळले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. मात्र व्यवस्थापकाच्या जागी कॅथलिकेतर माणूस बसायला १९६५ साल उजाडावे लागले. तो माणूस म्हणजे स्टीन: लॅनार्कशर परगण्यातील प्रॉटेस्टंट घरात १९२२ साली जन्मलेले, तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेले आणि पुढे सेल्टिकचेच कर्णधार झालेले.

आता वादाकडे वळू. लिस्बनला खेळलेले अकराही जण सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. तीस मैल म्हणजे जवळपास चर्चगेटहून वसईला येण्याएवढे अंतर! ही संघबांधणी स्टीन यांची, असे सर्रास म्हटले जाते. आक्षेपकांचे म्हणणे असे, की त्या अकरांपैकी दहा जण स्टीन येण्यापूर्वीच, जिमी मॅक्ग्रोरी यांच्या कारकिर्दीत, संघात दाखल झालेले होते. स्टीन यांनी विकत घेतलेला खेळाडू एकच, विली वॉलेस. तोही डिसेंबर १९६६ मध्ये. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

परंतु १९५७ नंतर या संघाने एकही मोठा चषक जिंकला नव्हता, हीदेखील वस्तुस्थितीच. माणसे होती, त्यांच्या जागा चुकल्या होत्या. आघाडीला खेळणाऱ्या बॉबी मर्डॉकला स्टीन यांनी मधल्या फळीत आणले. डाव्या कडेने धावणाऱ्या बर्टी ऑल्डला त्याच्या जोडीला उभे केले. टॉमी गेमेल हा बचावातला गडी, पण त्याला पुढे मुसंडी मारण्याची मोकळीक दिली. आमच्या मते स्टीन यांचे खरे कर्तृत्व या फेररचनेत आहे, खरेदीत नव्हे.

लिस्बनचा सामना याला साक्ष आहे. इंटरचे व्यवस्थापक हेलेनियो हेरेरा यांची बचावपद्धती 'कातेनाच्चो' म्हणून ओळखली जाई. इटालियन भाषेत त्याचा अर्थ दाराचा अडसर. १९६४ आणि १९६५ चे युरोपियन चषक त्यांनी या अडसराच्या बळावर नेले होते. सातव्या मिनिटाला मॅझोलाने पेनल्टीवर गोल केला आणि इंटरने दार लावून घेतले. पुढचा तासभर सेल्टिकने त्यावर धडका दिल्या. दोनदा चेंडू गोलच्या आडव्या दांडीवर आपटला. ६३ व्या मिनिटाला उजव्या बचावपटूने, जिम क्रेगने, चेंडू दिला आणि डाव्या बचावपटूने, गेमेलने, तो जाळ्यात मारला. दोन्ही बाजूंचे बचावपटू एकाच वेळी प्रतिस्पर्ध्याच्या दारात! ८४ व्या मिनिटाला मर्डॉकच्या फटक्याला चाल्मर्सने दिशा दिली आणि सामना फिरला.

इंटरचा सुआरेझ दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. शिवाय त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, प्रागमध्ये डुक्लाविरुद्ध, ३-१ ची आघाडी राखण्यासाठी स्टीन यांनी स्वतःच अडसर घातला होता व सामना ०-० असा सोडवला होता. तेव्हा त्यांना आक्रमणाचे प्रेषित ठरवणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

१९७० चा पराभव अधिक बोलका आहे. उपांत्य फेरीत लीड्सला नमवल्यावर मिलानच्या अंतिम सामन्यात स्टीन यांनी मधल्या फळीतून जॉर्ज कॉनेलीला वगळले आणि दोघांवरच भार टाकला. फेयेनूर्डने तेथेच सामना ताब्यात घेतला आणि जादा वेळेत २-१ असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याला कमी लेखल्याचा दोष स्टीन यांना तेव्हा दिला गेला; आम्हांलाही तो अस्थानी वाटत नाही.

स्टीन यांच्या स्वतःच्या हातची म्हणावी अशी पिढी त्यानंतरची: डॅलग्लिश, मॅकारी, मॅक्ग्रेन, हे. १९६६ ते १९७४ अशी सलग नऊ वर्षे सेल्टिकने लीग जिंकली, तिच्या उत्तरार्धाचा भार हळूहळू या मुलांच्या खांद्यांवर आला. मात्र घडवलेली मुले टिकवणे स्टीन यांच्या एकट्याच्या हाती नव्हते. इंग्लंडमधील संघ अधिक पैसा मोजत. १९७३ मध्ये मॅकारी मँचेस्टर युनायटेडला गेला. ऑगस्ट १९७७ मध्ये ४ लाख ४० हजार पौंडांना डॅलग्लिश लिव्हरपूलला गेला. त्या हंगामाअखेर सेल्टिक लीगमध्ये पाचव्या स्थानावर होता, आणि १९७८ साली स्टीन यांच्या जागी लिस्बनचाच कर्णधार बिली मॅक्नील आला.