काजळीच्या कागदावरील रेघ

अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी संत इग्नेशियस महाविद्यालयात फादर फ्रेडरिक ओडेनबाख नावाचे एक येशूसंघीय धर्मगुरू हवामानाच्या नोंदी ठेवीत असत. वाऱ्या-पावसाच्या या अभ्यासातूनच त्यांचे लक्ष पायाखालच्या भूमीकडे वळले. त्यांनी स्वतःच्या हातांनी एक भूकंपमापक तयार केला. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि पाठोपाठच्या आगीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा एवढ्या विस्तीर्ण देशात भूकंपमापनाची केंद्रे मोजकीच होती. ओडेनबाख यांच्या मनात एक साधा विचार आला. येशूसंघाची महाविद्यालये खंडभर पसरलेली आहेत, प्रत्येक ठिकाणी विज्ञान शिकविणारा एखादा फादर आहे आणि इमारतीला तळघर आहे; मग प्रत्येक तळघरात एकाच जातीचे यंत्र का बसवू नये?

१९०९ साली ही कल्पना प्रत्यक्षात आली. जर्मन शास्त्रज्ञ एमिल वीशर्ट यांच्या रचनेची, ८० किलो वजनाच्या लंबकाची यंत्रे मागविण्यात आली आणि अमेरिकेतील १५ व कॅनडातील एका महाविद्यालयाकडे रवाना झाली. साऱ्या खंडावर पसरलेले आणि एकसारख्या यंत्रांचे असे जाळे त्यापूर्वी कोणी उभारल्याचे दिसत नाही. ते सरकारने उभारले नाही, एखाद्या धनाढ्य विद्यापीठानेही नाही. शाळामास्तरांच्या एका मंडळीने ते उभारले, हे विसरता कामा नये.

एकच यंत्र का पुरत नाही, हे समजून घेण्यासाठी यंत्राचे कार्य थोडे पाहिले पाहिजे. भूकंपमापक म्हणजे मुळात एक आळशी वजन. जमीन हलते, तिच्याबरोबर यंत्राची चौकट हलते. पण मोकळे टांगलेले किंवा तोललेले जड वजन आपल्या जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहते. या दोहोंतला फरक लेखणीने टिपावयाचा. जुन्या यंत्रांत फिरत्या दंडगोलावर काजळी धरलेला कागद गुंडाळीत आणि बारीक सुई त्या काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढीत जाई. कागद उतरविला की बोट लागून रेघ पुसू नये म्हणून तो चपड्याच्या पातळ द्रावणात बुडवून वाळवीत. हे काम रोज करावे लागे, नाताळच्या दिवशीही. घड्याळ सेकंदाला बरोबर लागे, कारण मिनिटामिनिटाची खूण चुकली तर साऱ्या रेघेचे मोल शून्य.

भूकंपाच्या केंद्रापासून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली वेगवान, दुसरी तिच्या मागून येणारी आणि बहुधा अधिक हादरविणारी. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांच्यातील अंतर मोजून वीज किती लांब पडली हे आपण ओळखतो, तसेच येथेही. जवळच्या भूकंपात या दोन लहरींच्या येण्यात एका सेकंदाचे अंतर असेल तर केंद्र सुमारे आठ किलोमीटरवर असते. मात्र कोणत्या दिशेला, हे त्या अंतरावरून कळत नाही. त्या त्रिज्येचे वर्तुळ तेवढे काढता येते. तीन ठिकाणांची तीन वर्तुळे जेथे एकमेकांस छेदतात तेथे केंद्र. म्हणून ओडेनबाख यांना एक उत्तम यंत्र नको होते, अनेक साधी यंत्रे हवी होती.

दूरच्या भूकंपाची नोंद होऊ शकते, हा शोधही असाच आडवाटेने लागला होता. १७ एप्रिल १८८९ रोजी जर्मनीत पॉट्सडॅम येथे एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ या तरुण, क्षयाने जर्जर झालेल्या खगोलशास्त्रज्ञाच्या नाजूक लंबकाने विचित्र हालचाल दाखविली. जमिनीचे अतिसूक्ष्म कलणे मोजण्यासाठी त्याने तो बसविला होता. पुढे जपानमध्ये त्याच दिवशी झालेल्या भूकंपाचे वृत्त त्याच्या वाचनात आले आणि त्याने दोहोंची सांगड घातली. तो १८९५ साली, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी वारला. त्याच वर्षी जॉन मिल्न हे इंग्रज अभियंते जपानमधील दीर्घ वास्तव्यानंतर मायदेशी परतले आणि आइल ऑफ वाइट बेटावरील आपल्या घरून त्यांनी जगभर यंत्रे धाडण्यास प्रारंभ केला.

त्या यंत्रांशी आपल्या देशाचाही संबंध आहे. १२ जून १८९७ रोजी आसाम व शिलाँगच्या प्रदेशाला प्रचंड भूकंपाने हादरविले. त्यानंतर १८९८ च्या डिसेंबरात कलकत्त्याजवळ अलीपूर येथे मिल्न यांच्या पद्धतीचे यंत्र बसले आणि पुढे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत व कोडाईकॅनाल येथेही. कालांतराने कुलाब्याला आले ते मिल्न-शॉ जातीचे यंत्र. त्यातील शॉ म्हणजे कोणी प्राध्यापक नव्हेत. जे. जे. शॉ हे इंग्लंडातील वेस्ट ब्रॉमिच गावचे गहाणवटीचा धंदा करणारे गृहस्थ! फावल्या वेळात त्यांनी मिल्न यांचे यंत्र सुधारले, त्याचा लंबक एकदा डोलू लागला की डोलतच राहतो हा दोष चुंबकांच्या साहाय्याने काढून टाकला आणि अवघ्या अर्ध्या किलोच्या आसपास वजनावर काम भागविले. गहाणवटीच्या दुकानदाराने घडविलेल्या यंत्राने मुंबईच्या सरकारी वेधशाळेत भूकंप टिपले, ही गोष्ट मला तरी फार आवडते.

ओडेनबाख यांच्या जाळ्याचे मात्र पुढे बरे झाले नाही. यंत्रे बसविणे सोपे होते. रोजचा कागद बदलणे, रेघ वाचणे आणि वाचलेले वेळेवर केंद्राकडे धाडणे कठीण होते. काही वर्षांतच एकत्रित काम थंडावले. काही महाविद्यालयांनी चिकाटीने नोंदी चालू ठेवल्या, इतरत्र यंत्रांवर धूळ बसली. १९२५ साली सेंट लुईस विद्यापीठातील फादर जेम्स मॅकलवेन यांनी 'येशूसंघीय भूकंपशास्त्र संघटना' या रूपाने ते पुन्हा उभे केले. मॅकलवेन स्वतः या शास्त्राचे पदवीप्राप्त पंडित होते. निरनिराळ्या केंद्रांचे आकडे तारेने सेंट लुईसला येत, तेथे गणित होई आणि भूकंप कोठे झाला याची पहिली वार्ता तेथून बाहेर पडे. ओडेनबाखांना जे साधले नाही ते मॅकलवेनांना साधले. याचे कारण माझ्या मते बुद्धीत शोधू नये. रेघ वाचणाऱ्याला आपले वाचन कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे हे त्याच दिवशी कळू लागले, त्यात आहे. आज अमेरिकेतील भूभौतिकी संघ तरुण संशोधकांना जे पदक देतो ते मॅकलवेन यांच्याच नावाचे आहे.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाची प्रशासकीय राजधानी ला पाझ येथे सान कालिक्स्तो ही येशूसंघाची शाळा. तेथे १९१३ साली फादर पियेर देकोत यांनी भूकंपवेधशाळा सुरू केली आणि पुढील अर्धशतक, १९६४ पर्यंत, तेच तिचे संचालक राहिले. पन्नास वर्षे एका माणसाने एकच काम करावे, हे आपल्या आजच्या बदल्यांच्या जगात पटणे कठीण. अँडीज पर्वताखालच्या खोल भूकंपांच्या अभ्यासात ला पाझच्या नोंदींना मोठा मान मिळाला. वेधशाळा आजही चालू आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकन सरकारने, मुख्यतः अणुस्फोटांवर लक्ष ठेवण्यासाठी, जगभर शंभराहून अधिक आधुनिक केंद्रांचे जाळे उभारले. ला पाझ त्यात सामील झाले. आपले पुणेही त्यात होते. लहान महाविद्यालयांची जुनी यंत्रे मात्र या श्रीमंत यंत्रांपुढे निरुपयोगी वाटू लागली आणि एकेक तळघर बंद होत गेले. हौशी मंडळींनी धागा सोडला नाही. १९७९ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने जेम्स लेमन या प्राध्यापकाची रचना छापली. त्यात बागेच्या फाटकासारखा आडवा झुलणारा दांडा, टोकाला वजन, चुंबक आणि तारेचे वेटोळे एवढाच सरंजाम होता. अनेक घरांच्या व शाळांच्या कोपऱ्यांत ते फाटक झुलू लागले. २०१६ पासून 'रॅस्पबेरी शेक' नावाचे, तळहातावर मावणारे यंत्र मिळू लागले. त्यात पत्त्याच्या जोडाएवढ्या संगणकाला एक संवेदक जोडलेला असतो. घड्याळ आंतरजालावरून लागते, रेघ आपोआप जगभर जाते.

अशा यंत्रांकडे खेळणे म्हणून पाहणाऱ्यांनी हैतीची कथा ऐकावी. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने तो देश मोडून पडला, तेव्हा तेथे भूकंपमापनाचे स्वतःचे जाळे नव्हते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ७.२ प्रतीचा दुसरा मोठा भूकंप झाला आणि दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी सामान्य नागरिकांच्या घरांत ठेवलेल्या छोट्या यंत्रांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांना पश्चात् धक्क्यांचा माग काढता आला. नेपाळातही २०१५ च्या भूकंपानंतर २२ शाळांत अशी यंत्रे बसविली गेली. तेथील शिक्षक मुलांना रेघ वाचावयास शिकवितात आणि ती मुले घरी जाऊन आईवडिलांना, भिंत कोठे कच्ची आहे ते दाखवितात.

महाराष्ट्राने १९६७ साली कोयना आणि १९९३ साली किल्लारी अनुभवले. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांना नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सोसावी लागली. बहुतेक धक्के लहान होते. पण दिवसभर भात झोडून थकलेला माणूस रात्री घरात झोपण्यास धजत नसेल तर धक्का लहान आहे हे त्याला कोणी सांगावे? लोक थंडीत तंबूंत झोपले. कोणी म्हणे ज्वालामुखी फुटणार, कोणी म्हणे धरणे फुटणार. शासकीय संस्थांनी यंत्रे आणून बसविली, तेव्हा केंद्रे कोठे व किती खोल आहेत ते उलगडू लागले. कोणतेही यंत्र उद्याचा भूकंप आज सांगू शकत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण गावच्या शाळेतील मास्तर जर फळ्यावर लिहू शकला की काल रात्रीचा धक्का २.८ प्रतीचा, येथून सोळा किलोमीटरवरचा, तर ज्वालामुखीच्या वार्तेला तेवढे पाय फुटत नाहीत.

डहाणूपासून वसईपर्यंत समुद्र आणि रेल्वे यांच्या कुशीत आपल्या कितीतरी शाळा आहेत. तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीत, थेट जमिनीवर टेकलेले असे यंत्र ठेवले तर पहिले काही दिवस रेघेवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्याच दिसतील. रविवारी वर्दळ कमी, म्हणून रेघ थोडी शांत असेल. आणि जूनमध्ये, मृग बरसू लागला की, सारी रेघच सतत बारीक थरथरू लागेल. तो भूकंप नसेल, किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांनी हलविलेली जमीन असेल.