डिजिटल चित्र
टॅबलेटच्या वा संगणकाच्या पडद्यावर स्टायलसने रंगवलेले चित्र. कणकुंबीतल्या मलप्रभेच्या उगमाचे पावसाळी दृश्य घेतले, तर आधी माउली मंदिर, पाणी आणि मागची झाडी यांचे पुसट कच्चे रेखाटन होते. त्याखालच्या थरावर सपाट रंग, मग छायाप्रकाश. थर वेगवेगळे असल्याने धुके विरळ केले तरी खालची झाडी बिघडत नाही. स्टायलसवर दाब वाढला की रेघ जाड होते.

खरी कसोटी हिरव्याची. रंगचक्रातून थेट उचललेला हिरवा भडक दिसतो. त्यात तांबूस-करडी छटा मिसळली की सह्याद्रीचा ओला श्रावण उमटतो. बेळगावात जन्मलेल्या चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) यांच्या पिढीने कागदावर कमावलेली रेखाटनाची शिस्त इथेही लागतेच. शेवटी दूरच्या कडा विरघळवून जवळच्या धारदार करतात.