क्रूझच्या आधी आणि नंतर सामानाचं काय करायचं? दिंद्रुडहून मुंबई बंदरापर्यंतचं नियोजन

मुंबईहून क्रूझवर जायचं ठरलं की चर्चा होते ती जहाजावरच्या जेवणाची, स्विमिंग पूलची आणि तिकिटाच्या दराची. पण बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावातून निघणाऱ्या कुटुंबाची खरी धावपळ जहाजाबाहेर होते. रात्रीची ट्रॅव्हल्स सकाळी मुंबईत सोडते आणि क्रूझचं चेक-इन साधारण दुपारी असतं. परतीला जहाज सकाळी बंदराला लागतं आणि बीडकडे जाणारी गाडी रात्रीची असते. दोन्ही वेळेला हातात बॅगा, सोबत लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील आणि समोर सात-आठ मोकळे तास.

मुंबईत राहणाऱ्या प्रवाशाला हा प्रश्न पडत नाही. तो घरून टॅक्सीने थेट टर्मिनलवर जातो. लांबून येणाऱ्यांनी मात्र आधी सामानाची सोय ठरवावी आणि मग फिरण्याचा विचार करावा. हे नियोजन कसं करायचं, ते समजून घेऊया.

जहाज नेमकं कुठून सुटतं?

मुंबईत समुद्रप्रवासाची ठिकाणं एकापेक्षा जास्त आहेत आणि नवखा माणूस इथेच चुकतो. गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरी आणि मांडव्याच्या बोटी सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवस, मोरा आणि मांडव्याची रो-रो सेवा चालते. मोठी क्रूझ जहाजं मात्र बॅलार्ड पिअरला लागतात.

बॅलार्ड पिअरवरच्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते, भावनगरमधल्या कार्यक्रमातून झालं. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे आणि चेक-इन व इमिग्रेशनसाठी ७२ काउंटर आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी स्टेशन, इथून जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. त्यामुळे सामान ठेवणं, जेवण आणि फिरणं या सगळ्याचा मध्यबिंदू सीएसएमटी परिसर ठेवला तर धावपळ बरीच कमी होते.

टॅक्सीवाल्याला नुसतं 'बंदर' सांगू नका. बुकिंगच्या कागदावर टर्मिनलचं नाव आणि बंदराचं कोणतं गेट लिहिलं आहे, ते वाचून तेच सांगा.

त्याच दिवशी पोहोचायचं की आदल्या दिवशी?

दिंद्रुड ते मुंबई हे अंतर चारशे किलोमीटरहून जास्त आहे. वाटेत घाट आहे, पुण्याजवळची आणि मुंबईत शिरतानाची कोंडी आहे. गाडी तीन-चार तास उशिरा पोहोचणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

विमान चुकलं तर पुढचं मिळू शकतं. तीन-चार दिवसांच्या क्रूझचं तसं नाही. जहाज सुटण्याच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं आणि वेळेवर न पोहोचलेल्या प्रवाशाला सहसा पैसे परत मिळत नाहीत. चौघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नसते.

म्हणून वयस्कर माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचणं उत्तम. एका रात्रीच्या लॉजचा खर्च वाढतो, पण अंघोळ, झोप आणि सामान हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. खोली शक्यतो फोर्ट किंवा सीएसएमटी परिसरात घ्यावी. नवी मुंबई किंवा ठाण्यातल्या नातेवाइकांकडे मुक्काम स्वस्त पडतो. पण तिथे जादा सामान ठेवलं, तर ते घ्यायला परतीच्या दिवशी पुन्हा तिकडे जावं लागतं. परतीची ट्रॅव्हल्स त्याच भागातून पकडायची असेल, तरच हा पर्याय सोयीचा आहे.

दिंद्रुडहून येताना कुठे उतरायचं?

ट्रॅव्हल्स किंवा एसटी: दिंद्रुड बीड-परळी रस्त्यावर आहे. रात्रीच्या गाड्या सकाळी पनवेल, वाशी, दादर अशा थांब्यांवर प्रवासी सोडतात. दादरला उतरलात तर सीएसएमटीसाठी मध्य रेल्वेची लोकल आहे. पण सकाळी आठ ते अकरा या वेळात मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढणं टाळा. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागलेली मेट्रो ३ हा दुसरा पर्याय आहे. तिला दादर आणि सीएसएमटी दोन्ही स्थानकं आहेत. बॅगा मशीनमधून तपासल्या जातात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

रेल्वे: नांदेड-पनवेल एक्स्प्रेस परळी वैजनाथमार्गे जाते. पनवेलहून सीएसएमटीला जाणारी हार्बर लोकल तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त असते. या प्रवासाला साधारण सव्वा ते दीड तास लागतो.

स्वतःची गाडी: जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूने शिवडीला उतरून इस्टर्न फ्रीवेने थेट बंदराच्या भागात येता येतं. गाडी तीन-चार दिवस कुठे उभी करायची, ते मात्र निघण्याआधीच नक्की करा.

एक गोष्ट गावाकडच्या प्रवाशांना हमखास माहीत नसते: दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा चालत नाहीत. सायन आणि माहीमच्या पुढे काळी-पिवळी टॅक्सी, ॲपवरची कॅब किंवा बेस्ट बस हेच पर्याय आहेत. चौघे जण आणि चार मोठ्या बॅगा एका लहान टॅक्सीत मावत नाहीत, हेही गृहीत धरा.

बॅग कशी भरायची?

क्रूझवर मोठी बॅग आपण स्वतः केबिनपर्यंत नेत नाही. टर्मिनलवर तिला केबिन क्रमांकाचा टॅग लागतो, ती तपासणीतून जाते आणि कर्मचारी ती केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. यात काही तास जातात. तोवर आपण जहाजावर असतो, पण बॅग हातात नसते.

म्हणून दोन भाग करा. मोठ्या बॅगेत कपडे आणि जादा चपला-बूट. खांद्यावरच्या छोट्या बॅगेत आधार कार्ड किंवा लागणारं ओळखपत्र, परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट, बुकिंगचे कागद, रोजच्या गोळ्या, चष्मा, चार्जर, पैसे, दागिने आणि एक कपड्यांचा जोड. बीपी किंवा शुगरची गोळी मोठ्या बॅगेत गेली आणि ती संध्याकाळी हाती आली, तर अडचण होते.

जहाजावर आगीचा धोका सगळ्यात गंभीर मानला जातो. त्यामुळे इस्त्री, पाणी तापवायची किटली, मेणबत्ती, काडेपेटी अशा वस्तू सहसा नेऊ देत नाहीत. देवपूजेचं निरांजन आणि उदबत्तीही घरीच ठेवा. अडकित्ता किंवा भाजी चिरायची सुरी तपासणीत अडकू शकते. बाहेरून आणलेली दारू चालत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा तर खिशातही नको.

घरून बांधून आणलेल्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासात कामाला येतात. पण जहाजावर घरचं अन्न नेण्यावर बहुतेक कंपन्यांची बंदी असते. शिदोरी बंदरात शिरण्याआधीच संपेल, एवढीच बांधा.

जहाजात चढण्याआधी सामान कुठे ठेवायचं?

सकाळी सात वाजता मुंबईत पोहोचलात आणि चेक-इन दुपारी आहे, असं धरू. चार पर्याय आहेत.

१. रेल्वेचं क्लोक रूम. सीएसएमटीसारख्या मोठ्या स्थानकावर ही सोय असते. ती रेल्वेचं वैध तिकीट असलेल्या प्रवाशांसाठी आहे, त्यामुळे बसने आलेल्यांनी यावर विसंबून राहू नये. बॅगेला कुलूप हवं. चेन नसलेली पिशवी किंवा गाठ मारलेलं बोचकं घेत नाहीत. घरातूनच कुलूप लागणाऱ्या बॅगा काढा आणि मिळालेल्या पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

२. लॉज किंवा हॉटेल. आदल्या रात्री मुक्काम असेल तर खोली सोडल्यावरही बहुतेक ठिकाणी काही तास सामान ठेवून घेतात. खोली घेतानाच विचारा. सकाळी येणाऱ्यांसाठी काही लॉज तासांच्या हिशोबाने खोली देतात. चौघांची अंघोळ आणि थोडी विश्रांती धरली तर ते परवडतं.

३. रिटायरिंग रूम. रेल्वे स्थानकावरची ही खोली बुक करायला तिकिटाचा पीएनआर लागतो. रेल्वेने आलेल्यांनी हा पर्याय जरूर बघावा.

४. खासगी लगेज स्टोरेज. शहरात पैसे घेऊन सामान सांभाळणारी दुकानं आहेत. पावती, बंद होण्याची वेळ आणि रविवारी चालू आहे का, या तीन गोष्टी आधी विचारा.

कुठेही ठेवा, पण पैसे, दागिने आणि कागदपत्रं त्या बॅगेत नकोत.

टर्मिनलवर फार लवकर जाऊन बसण्याचाही उपयोग नसतो. चेक-इनसाठी प्रवाशांना ठरावीक वेळ दिलेली असते. त्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचणं पुरेसं आहे.

मोकळ्या वेळात काय पाहायचं?

चढण्याच्या दिवशी नियम एकच: बंदरापासून लांब जायचं नाही आणि पाण्यापलीकडे तर अजिबात नाही.

सीएसएमटीची इमारत फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी उभारली आणि २००४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तिथून चालत बॅलार्ड इस्टेटला जाता येतं. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेल्या दगड-मातीच्या भरावावर हा भाग वसवला गेला. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, ज्यांनी पुढे गेट वे ऑफ इंडियाही उभारलं. इथलंच ब्रिटानिया हे १९२३ सालचं इराणी हॉटेल बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे. हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिकच्या पायऱ्याही याच टप्प्यात येतात.

घारापुरीची लेणी मात्र परतीच्या दिवसासाठी ठेवा. बोटीला एका बाजूने सुमारे तास लागतो, वर चढायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत आणि सोमवारी लेणी बंद असतात. मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवायचे असतील तर बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते.

आगबोटीच्या काळात काय करायचे?

हा प्रश्न नवा नाही. विलायतेला जाणाऱ्या जुन्या बोटींवर प्रवाशांच्या ट्रंकांवर वेगवेगळी लेबलं लागत. केबिनमध्ये हवं असलेलं, प्रवासात मधेच लागणारं आणि उतरेपर्यंत नको असलेलं सामान अशी विभागणी असे. शेवटच्या प्रकारातल्या ट्रंका थेट जहाजाच्या पोटात जात.

मोकळ्या वेळाचा प्रश्न तर रेल्वेनेच सोडवला होता. बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन धक्क्यालगत होतं. बोटीतून उतरलेला माणूस सामानासह तिथूनच गाडीत बसत असे. १९२८ मध्ये सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल या स्टेशनवरून सुटायची. आज धक्क्यापर्यंत रेल्वे जात नाही, म्हणून मधले तास प्रवाशालाच सांभाळावे लागतात.

परतीचा दिवस कसा असतो?

तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. मोठ्या बॅगांना टॅग लावून त्या रात्री केबिनबाहेर ठेवायला सांगितलं जातं. सकाळचे कपडे, चपला आणि गोळ्या आधीच बाजूला काढा. दरवेळी कोणीतरी सगळे कपडे बॅगेत भरून मोकळं होतं आणि मग रात्रीच्या कपड्यांत उतरायची वेळ येते. बॅग स्वतः उचलून उतरायची मुभा असेल आणि सामान कमी असेल, तर वेळ वाचतो.

जहाजावर केलेल्या जादा खर्चाचं बिलही रात्रीच तपासा. समुद्रात असताना मोबाइल फ्लाइट मोडवर नसेल तर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जाऊन फोनचं बिल फुगू शकतं.

सकाळी केबिन लवकर रिकामी करावी लागते. उतरल्यावर टर्मिनलमध्ये बॅगा मांडलेल्या असतात. एकसारख्या दिसणाऱ्या बॅगा खूप असतात, म्हणून हँडलला रंगीत दोरी किंवा रिबन बांधलेली असावी आणि टॅगवरचा क्रमांक जुळवूनच बॅग उचलावी.

जहाज धक्क्याला लागणं आणि आपण गेटबाहेर पडणं यात दोन-तीन तास सहज जातात. हवामानामुळे जहाजालाच उशीर होऊ शकतो. म्हणून परतीचं आरक्षण संध्याकाळनंतरचं ठेवा. नांदेडकडे जाणारी गाडी पनवेलहून पकडायची असेल तर तिची सुटण्याची वेळ आणि लोकलचा दीड तास यांचा हिशोब आधी जुळवा. बाहेर पडल्यावर आधी सामान ठेवायचं आणि मग फिरायचं. क्रॉफर्ड मार्केटची खरेदी शेवटी करा, नाहीतर ते ओझंही दिवसभर सोबत फिरतं. ट्रॅव्हल्स सुटण्याच्या दोन तास आधी बॅगा ताब्यात घ्या, कारण संध्याकाळी दक्षिण मुंबईतून बाहेर पडायला वेळ लागतो.

गोव्यात उतरायचं असेल तर?

काही प्रवासी क्रूझने गोव्याला उतरून रस्त्याने किंवा रेल्वेने परततात. गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. जवळचं स्टेशन वास्को आणि जवळचा विमानतळ दाबोळी. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या मात्र मडगावहून मिळतात आणि मोपाचा विमानतळ उत्तरेच्या टोकाला आहे. परतीचं तिकीट काढण्याआधी त्यावरचं स्टेशनचं किंवा विमानतळाचं नाव नीट वाचा.

निघण्याआधी तपासा

- बुकिंगवरची चेक-इनची वेळ आणि बंदराचं गेट
- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र. लक्षद्वीपची क्रूझ असेल तर प्रवेश परवाना कोण काढणार, हे कंपनीकडून विचारून घेणं
- प्रत्येक बॅगेला कुलूप, नाव आणि मोबाइल क्रमांक
- दोन्ही दिवशी सामान कुठे ठेवणार ते ठिकाण आणि त्याची बंद होण्याची वेळ
- प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्त पुरतील एवढी औषधं
- परतीच्या गाडीचा थांबा आणि चालकाचा किंवा ट्रॅव्हल्स कार्यालयाचा क्रमांक