'रिकामे' पिंप

बेंजामिन ली व्होर्फ भाषाशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा पेशा होता रसायन अभियंत्याचा. अमेरिकेत अग्निविमा कंपनीसाठी तो आगींची कारणे शोधत असे. त्याच्या ध्यानात आले, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात. 'रिकाम्या' पिंपांपाशी मात्र खुशाल सिगारेट ओढतात. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने हे नोंदवले.

खरे तर भरलेल्या पिंपात पेट्रोलची वाफ इतकी दाट असते, की आतले मिश्रण सहसा पेटत नाही. हवेत वाफ सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ते पेट घेते, आणि तळाशी चार थेंब उरलेल्या पिंपात हे प्रमाण सहज जमते. 'रिकामे' या शब्दात वाफेला जागाच नव्हती!

इंग्रजीतला 'इनफ्लेमेबल' हा शब्दही असाच फसवा. त्यातला 'इन' नकारार्थी वाटे, म्हणून १९५९ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने 'फ्लेमेबल'चा पुरस्कार केला. आपल्या 'ज्वालाग्राही'त ही अडचण नाही. ईथरची संपलेली बाटली मात्र आपणही 'रिकामी' म्हणूनच बाजूला ठेवतो, बहुधा बुचाशिवाय.