मैदान कोणाचे? आयर्लंडचे देशी खेळ आणि आपले

खेळांचा इतिहास प्रशासनावरील ग्रंथांत सहसा आढळत नाही. आला तरी तो 'युवक कल्याण' या शीर्षाखालील एखाद्या परिच्छेदात आटोपतो. वस्तुतः समाज स्वतःच्या बळावर संस्था कशा उभारतो, हे समजून घेण्यास खेळाच्या मैदानासारखी दुसरी जागा नाही. याचे ठळक उदाहरण आयर्लंडमध्ये सापडते, आणि त्याचे धागे पुणे-अमरावतीमार्गे थेट छत्तीसगडपर्यंत आणता येतात.

1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररी परगण्यातील थर्ल्स या गावी, एका हॉटेलात, मायकेल क्यूसॅक प्रभृती मोजक्या मंडळींनी 'गेलिक अॅथलेटिक असोसिएशन' स्थापन केली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे देशी खेळ इंग्रजी खेळांपुढे लोपू नयेत, हा तिचा हेतू. तिने खेळाची वीण गावाशी घातली. खेळाडू आपल्या पॅरिशच्या क्लबाकडून आणि पुढे आपल्या परगण्याकडून खेळणार, तेही मानधनाविना. 21 नोव्हेंबर 1920 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ब्रिटिश पोलिसी दलांनी सामन्याच्या वेळी गोळीबार केला. त्यात चौदा जणांचा बळी गेला. मायकेल होगन हा टिपररीचा खेळाडू त्यांपैकी एक. क्रोक पार्कच्या एका प्रेक्षागृहाला आजही त्याचे नाव आहे.

या अभिमानाला दुसरी बाजूही होती. परकीय खेळ खेळणाऱ्या, इतकेच नव्हे तर ते पाहावयास जाणाऱ्या सभासदाला संस्था बहिष्कृत करी. 1938 साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलच्या एका आंतरराष्ट्रीय सामन्यास उपस्थित राहिले, म्हणून त्यांचे आश्रयदातेपद काढून घेण्यात आले. ज्या गृहस्थाने आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचले, त्यालाच हा दंड! ही बंदी 1971 साली उठली. ब्रिटिश सैनिक व उत्तर आयर्लंडमधील पोलिसांना सभासदत्व नाकारणारा नियम 2001 साली गेला. 2007 साली क्रोक पार्कवर इंग्लंडविरुद्ध रग्बीचा सामना झाला आणि ब्रिटिश राष्ट्रगीत तेथे शांतपणे ऐकले गेले.

महाराष्ट्राने त्याच सुमारास निराळी वाट धरली. 1906 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात 1914 च्या सुमारास खो-खोचे नियम बांधण्यास प्रारंभ झाला. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923 साली हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम प्रसिद्ध केले. परंतु 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू धाडण्याच्या हालचालीही त्याच डेक्कन जिमखान्यातून, त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने झाल्या. खो-खोचा खांब आणि क्रिकेटची यष्टी आपल्याकडे एकाच आवारात नांदली. बहिष्काराचे शस्त्र आपण उचलले नाही, हे मला आपल्या शहाणपणाचे लक्षण वाटते. त्याची किंमतही आपण मोजली. पैसा आणि प्रतिष्ठा क्रिकेटकडे गेली आणि देशी खेळ शाळेच्या मैदानावर व कामगार वस्तीत उरले.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे 1914 सालचे. त्याच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 1956 पर्यंत अमरावती आणि रायपूर एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. सीमा बदलल्या, खेळ मात्र सीमा पाहून थांबले नाहीत. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब आज बस्तरमधील नारायणपूरची आदिवासी मुले खेळतात. 2023 साली तेथील अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या चमूने 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकली. ज्या मुलुखाचे नाव वर्तमानपत्रांत केवळ चकमकींच्या बातमीत येत असे, त्याची ही निराळी ओळख आहे.

आता प्रश्न पोसण्याचा. छत्तीसगड शासनाने 2022 साली गेडी, भौंरा, पिट्ठूल, गिल्ली-डंडा अशा खेळांचे 'छत्तीसगढिया ऑलिंपिक' भरविले. कबड्डीला 2014 पासून व्यावसायिक लीगचा पैसा मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला, दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. हे सारे स्वागतार्हच. तथापि अनुदानाच्या नस्त्या हाताळण्यात वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला एक भेद स्पष्ट दिसतो. शासकीय उपक्रमाचे आयुष्य लेखाशीर्षाएवढे आणि लीगचे आयुष्य प्रेक्षकसंख्येएवढे. लेखाशीर्ष बंद झाले अथवा प्रेक्षक दुसरीकडे वळले, की मैदानावर पुन्हा गवत उगवते.

आयर्लंडमध्ये शासनाचे साहाय्य नाही असे नव्हे, पण मैदाने बहुतांशी क्लबांची आणि राबणारे हात स्वयंसेवकांचे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ज्याचा लाभ सर्वांना होतो, त्याचा खर्च उचलण्यास कोणी एकटा पुढे येत नाही. गावाविषयीच्या निष्ठेने आयर्लंडने ही अडचण सोडविली. आपल्याकडे जिमखान्यांनी आणि आखाड्यांनी हेच केले होते, आणि तेही परक्या सरकारच्या काळात.

शासनाने जागा राखावी, शाळांना क्रीडाशिक्षक द्यावेत, स्पर्धांचे नियम निर्वेध ठेवावेत. मैदानाची मालकी मात्र खेळणाऱ्या गावाकडेच असावी. परप्रांतांतील आपली महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव आणि नाटके निष्ठेने करतात. त्यांच्या आवारात एक खो-खोचे मैदान आखले, आणि त्यावर स्थानिक मुलांनाही बोलावले, तर त्यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीची आवश्यकता पडणार नाही. दोन खांब, थोडा चुना आणि संध्याकाळचा एक तास, एवढाच खर्च आहे.